हंडी आणि देग

प्रस्तुत पाठात रासायनिक अभियांत्रिकी म्हणजे काय आणि तिच्या पदवीसाठी विद्यापीठ कसे निवडावे, हे परतवाडा-अचलपूर परिसरातील उदाहरणे देऊन सांगितले आहे. प्रवेशाचा अर्ज भरण्याचा दिवस दोन-तीन वर्षांनी येतो. पण त्याची तयारी दहावीच्या वर्गातच सुरू होते, हे ध्यानात ठेवून पाठ वाचा.

मुलांनो, घरी पाच माणसांसाठी बिर्याणी करायची असली, की अम्मी चुलीवर हंडी चढवते. लग्नात पाचशे माणसांसाठी बिर्याणी करायची असली, की बावर्ची मैदानात मोठी देग मांडतो. आता एक प्रश्न तुम्हाला विचारतो. हंडीतले तांदूळ, मांस, पाणी, मीठ आणि जाळ शंभरपट केले, म्हणजे देगेतली बिर्याणी तयार होईल का?

होणार नाही. तळचा भात करपेल आणि वरचा कच्चा राहील. बावर्चीला हे अनुभवाने ठाऊक असते. म्हणून तो जाळ वेगळा ठेवतो, झाकणावर निखारे घालतो आणि दम देण्याची वेळ बदलतो. यामागचे कारण भूमितीत आहे. भांड्याची लांबी, रुंदी आणि उंची दहापट केली, तर त्याचा पृष्ठभाग शंभरपट होतो. पण आत मावणारा माल हजारपट होतो. म्हणजे प्रत्येक लिटर मालाच्या वाट्याला पूर्वीच्या फक्त एक-दशांश पृष्ठभाग येतो. उष्णता आत जाते ती पृष्ठभागातून, आणि बाहेर पडते तीही पृष्ठभागातूनच. त्यामुळे लहान भांड्यात सहज घडणारी गोष्ट मोठ्या भांड्यात अवघड होऊन बसते.

रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत चंचुपात्रात एखादा पदार्थ तयार करतो. तोच पदार्थ रोज शेकडो टन तयार करायचा असेल, तर भांडे केवढे असावे, ते कशाने तापवावे, कसे थंड करावे, त्यातला माल कोणत्या नळीतून पुढे न्यावा, उरलेल्या टाकाऊ पदार्थाचे काय करावे आणि हे सारे परवडणाऱ्या खर्चात व सुरक्षितपणे कसे करावे, हे ठरवणे रासायनिक अभियंत्याचे काम आहे. थोडक्यात सांगायचे, तर रसायनशास्त्र हंडीचे शास्त्र आहे आणि रासायनिक अभियांत्रिकी देगेचे.

हे शास्त्र तुमच्यापासून फार दूर नाही. परतवाड्याच्या आसपास कपाशी पिकते. कापसापासून रुई वेगळी केली, की सरकी उरते. सरकी पेरली जाते, ढोरांना खाऊ घातली जाते आणि तिचे तेलही काढले जाते. घाण्यातून निघालेले सरकीचे कच्चे तेल काळपट तांबडे असते. ते खाण्याजोगे करण्यासाठी आधी त्यातील आम्ल कॉस्टिक सोड्याने काढून टाकतात. मग विशिष्ट मातीतून गाळून त्याचा रंग उतरवतात. शेवटी निर्वात पात्रात त्यातून वाफ सोडून वास घालवतात. या प्रत्येक पायरीमागे रासायनिक अभियंत्याचा हिशोब असतो. आपल्या भागातल्या संत्र्याचेही तसेच आहे. संत्रे खाल्ल्यावर साल आपण फेकून देतो. पण त्या सालीतून सुगंधी तेल निघते आणि मुरंब्याला घट्टपणा आणणारे पेक्टिनही निघते. फेकलेल्या सालीतून विकता येईल असा माल काढणे, ही एक किमयाच नव्हे काय?

'किमया' हा शब्द आला, म्हणून सांगतो. मराठीत 'किमया' म्हणजे जादूसारखी करामत. हा शब्द अरबीतून आला. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात रसायनशास्त्राला जो 'कीमिया' शब्द येतो, तो आणि हा एकच. 'अर्क', 'अत्तर' आणि 'साबण' हे शब्दही याच वाटेने मराठीत आले आहेत. कनौजचे अत्तरवाले आजही देग आणि भपका वापरतात. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी तापवतात, वाफ नळीतून भपक्यात नेतात आणि तिथे ती थंड होऊन द्रवरूप होते. तेलशुद्धीकरण कारखान्यातले कित्येक मजले उंच स्तंभ पाहिले, तर त्यांतही मुळात हेच चालते. पदार्थ तापवणे, त्याची वाफ वेगळी करणे आणि ती थंड करणे, याला ऊर्ध्वपातन म्हणतात.

या विद्येची दुसरी बाजूही तुम्हाला माहीत असली पाहिजे. परतवाड्याहून सातपुडा ओलांडून बैतूलमार्गे रस्ता भोपाळला जातो. त्या भोपाळ शहरात १९८४ साली २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायू सुटला. मिथाइल आयसोसायनेटने भरलेल्या टाकीत पाणी शिरले. आत उष्णता वाढत गेली. पण टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. निघालेला वायू जाळून टाकणारी मनोऱ्याची नळीही जोडलेली नव्हती. झोपेतली हजारो माणसे प्राणाला मुकली. उष्णता किती निर्माण होईल आणि किती बाहेर जाईल, हा हिशोब परीक्षेतल्या गुणांपुरता नसतो. तो चुकला किंवा कोणी त्याकडे काणाडोळा केला, तर कारखान्याच्या भिंतीबाहेरची माणसे मरतात. म्हणून हे शिक्षण कुठे आणि कसे मिळते, याला महत्त्व आहे. नुसती पदवी मिळवून भागत नाही.

आता आपण शिक्षणसंस्थांकडे वळू. प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात ही शाखा नसते. संगणकाची शाखा गल्लोगल्ली दिसते. रासायनिक अभियांत्रिकीला मात्र मोठ्या प्रयोगशाळा लागतात. त्यामुळे तिच्या संस्था मोजक्या आहेत.

परतवाड्याहून सर्वांत जवळची म्हणजे अमरावती. सुमारे ५० किलोमीटरवर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १९८३ साली झाली. या विद्यापीठाच्या आवारात रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे. सुटीच्या दिवशी घरी येता येईल, इतक्या जवळ ही सोय आहे.

विदर्भातील सर्वांत जुनी संस्था नागपूरला आहे. कामठीचे उद्योजक डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली मोठी संपत्ती नागपूर विद्यापीठाला मृत्युपत्राने दिली. त्या दानातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. लोक तिला 'एलआयटी' म्हणतात. येथे रासायनिक अभियांत्रिकीबरोबर तेल, रंग, अन्न, कागद, प्लॅस्टिक अशा विषयांचे रासायनिक तंत्रज्ञानही शिकवतात. २०२३ साली या संस्थेला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नागपुरातच विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. १९६० साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ती सुरू झाली आणि २००२ साली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाली.

मुंबईला माटुंग्यात रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून ती सुरू झाली. त्या काळी मुंबईत कापडगिरण्यांची भरभराट होती. रंगाई करणारे आणि यंत्रे जाणणारे शिकलेले लोक हवे होते. तो विभाग 'यूडीसीटी' या नावाने देशभर प्रसिद्ध झाला. २००८ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज लोक तिला 'आयसीटी' म्हणतात. जालन्यालाही तिचा परिसर आहे. प्राध्यापक मनमोहन शर्मा येथेच शिकले आणि पुढे येथेच त्यांनी शिकवले. १९९० साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. 

याशिवाय पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. ती १९५८ साली सुरू झाली. रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १९८९ सालची. राज्याबाहेर पाहायचे, तर अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या झाकिर हुसेन अभियांत्रिकी महाविद्यालयात ही शाखा आहे. तिथल्या प्रवेशासाठी वेगळी परीक्षा असते. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातही ही शाखा शिकवतात. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची एक गोष्ट तुम्हाला आवडेल. तेथे सुरुवातीला शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. विज्ञानाचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी हैदराबादेत खास अनुवाद विभाग उघडला गेला. म्हणजे उर्दूतून उच्च विज्ञान शिकता येते, हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले आहे. आज मात्र या सर्व संस्थांमधले शिक्षण इंग्रजीतून चालते. ही गोष्ट लपवून उपयोग नाही. तिची तयारी केली पाहिजे.

तयारीचे पहिले पाऊल अकरावीच्या प्रवेश अर्जावर पडते. विज्ञान शाखेत गेल्यावर काही विद्यार्थी गणित सोडून जीवशास्त्र घेतात. ज्याला वैद्यकीय शिक्षण घ्यायचे आहे, त्याचे ठीक आहे. पण अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. 'गणित अवघड जाते, पण रसायन आवडते, म्हणून केमिकलला जाईन,' असे म्हणणाऱ्याने थोडे थांबावे. या शाखेत गणिताचा उपयोग रोज होतो. आत किती माल आला, बाहेर किती गेला आणि आत किती साठला, या साध्या हिशोबापासून सगळा अभ्यासक्रम सुरू होतो.

दुसरे पाऊल प्रवेश परीक्षेचे. राज्यातील बहुतेक संस्थांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे एमएचटी-सीईटी द्यावी लागते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांसाठी जेईई मेन आणि भारतीय तंत्रज्ञान संस्थांसाठी त्यापुढची जेईई ॲडव्हान्स्ड असते. जेईई मेनची प्रश्नपत्रिका १३ भाषांत मिळते. त्यांत उर्दू आणि मराठी दोन्ही आहेत. राज्याच्या परीक्षेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र उर्दूतून घेता येते. गणिताची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतून असते. म्हणून गणितातले इंग्रजी शब्द आतापासून वहीत लिहून ठेवा. एका बाजूला उर्दू शब्द, मध्ये मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. रोज पाच शब्द लिहिले, तरी वर्षात अठराशेच्या वर होतात. ज्याला बारावीपर्यंत थांबायचे नाही, त्याला दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका घेऊन पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाण्याचा मार्गही खुला आहे.

तिसरे पाऊल कागदपत्रांचे. हे काम कंटाळवाणे आहे. पण अनेकांची जागा येथेच हुकते. अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून ठेवा. राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत काही मुस्लिम जातींचाही समावेश आहे. तुमची जात त्या यादीत असेल, तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र ही तिन्ही लागतात. वैधता प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो आणि त्यासाठी अब्बांचे, आजोबांचे जुने शाळेचे दाखले शोधावे लागतात. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करू नका. अकरावीतच अर्ज करा.

आता मुख्य प्रश्न. चार-पाच संस्था समोर आहेत. त्यांतली कोणती चांगली, हे कसे ओळखावे?

काही गोष्टी कागदावर तपासता येतात. संस्थेला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का? पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार? त्या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची, म्हणजे एनबीएची, मान्यता आहे का? येथे एक बारकावा लक्षात ठेवा. नॅकची श्रेणी साऱ्या संस्थेला मिळते. एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला मिळते. महाविद्यालयाच्या संगणक शाखेला ती मान्यता असेल आणि रासायनिक शाखेला नसेल, असेही होऊ शकते. म्हणून आपल्या शाखेपुरते विचारावे.

काही गोष्टी मात्र तिथे जाऊनच कळतात. एक दिवस काढून महाविद्यालय पाहून या. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातनाचा स्तंभ आहे का? असला, तर चालू स्थितीत आहे की त्यावर धूळ साचली आहे? अंतिम वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा, 'तुम्ही हा प्रयोग स्वतः केला की नुसता वहीत उतरवला?' उत्तर ऐकताना त्याच्या चेहऱ्याकडेही पाहा. सुटीत कारखान्यात प्रशिक्षण घ्यायला पाठवतात का, कोणत्या कारखान्यात पाठवतात, शिकवणारे प्राध्यापक टिकतात की दरवर्षी बदलतात, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, हे प्रश्न विचारायला संकोच करू नका. भाजी घेतानाही आपण एक-एक टोमॅटो दाबून पाहतो. येथे तर चार वर्षे द्यायची आहेत.

जाहिरातींपासून सावध राहा. अत्तरवाल्यांचा भपका म्हणजे वाफ थंड करण्याचे भांडे. पण मराठीत 'भपका' म्हणजे नुसता दिखावा. काही जाहिरातींत असा मराठी भपका फार असतो. 'आमच्या विद्यार्थ्यांचे सरासरी वार्षिक वेतन ४ लाख ७० हजार रुपये' असे एखाद्या फलकावर लिहिलेले असेल. समजा, दहा विद्यार्थ्यांना नोकरी लागली. त्यांतल्या एकाला २० लाख आणि बाकीच्या नऊ जणांना प्रत्येकी ३ लाख मिळाले. बेरीज झाली ४७ लाख. दहाने भागले, की सरासरी आली ४ लाख ७० हजार. हिशोब खरा आहे. पण एवढे वेतन दहांपैकी एकालाही मिळालेले नाही! म्हणून सरासरी विचारू नका. सर्वांचे वेतन चढत्या क्रमाने लावले, तर मधल्या विद्यार्थ्याला किती मिळते, हे विचारा. वर्गात एकूण किती विद्यार्थी होते आणि त्यांतल्या किती जणांना कारखान्यात आपल्या विषयातले काम मिळाले, हेही विचारा.

पैशांचा विचार करताना नुसते शिक्षणशुल्क पाहू नका. वसतिगृह, खानावळ, पुस्तके आणि येण्या-जाण्याचे भाडे चार वर्षांसाठी मांडा. मग मदतीच्या बाजूला काय आहे, ते पाहा. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राज्याची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षणशुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पंजाबराव आपल्याच अमरावती जिल्ह्याचे. शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण मिळावे, म्हणून त्यांनी आयुष्य वेचले. २०२४ साली राज्य शासनाने आणखी एक निर्णय घेतला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या पात्र मुलींचे शिक्षणशुल्क माफ केले. हे वाक्य घरी मोठ्याने वाचून दाखवा. मुलीच्या शिक्षणाला पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न निघतो, तेव्हा ते कामी येईल.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या शाळेतील एका मुलीला बारावीनंतर बरे गुण मिळाले. तिच्यापुढे तीन वाटा आहेत. अमरावतीची जागा मिळण्याजोगी आहे, नागपूरची कदाचित मिळेल, मुंबईची मिळणे कठीण. पण अशक्य नाही. अब्बा म्हणतात, 'अमरावती बरी. दोन तासांत घरी येता येते.' अम्मीला वाटते, 'मुंबईत पोरगी एकटी कशी राहील?' मामू म्हणतात, 'ओळखीच्या एका खाजगी कॉलेजात जागा आहे. अर्ज, परीक्षा, कशाचीच कटकट नाही.' प्रत्येकाच्या बोलण्यात काळजी आहे. पण प्रत्येकाचा मुद्दा सारख्या वजनाचा नाही.

अब्बांचा मुद्दा खर्चाचा आणि अंतराचा आहे. तो आकडे मांडून तपासता येतो. अम्मीचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. मुलींचे वसतिगृह आवारात आहे का, तिथे अधीक्षिका राहतात का, हे प्रत्यक्ष पाहिले की तो सुटू शकतो. तिथे शिकणाऱ्या एखाद्या वऱ्हाडी मुलीशी अम्मीचे बोलणे करून दिले, तर अर्धी काळजी तिथेच मिटते. मामूंच्या मुद्द्याकडे मात्र नीट पाहिले पाहिजे. प्रवेशप्रक्रियेबाहेर घेतलेल्या जागेला शासनाच्या बहुतेक सवलती मिळत नाहीत. सुरुवातीला वाचलेली कटकट पुढे चार वर्षे पैशांच्या रूपाने भरावी लागते. तेव्हा मामूंना नम्रपणे विचारावे, 'त्या कॉलेजात ही शाखा आहे का? तिला मान्यता आहे का? आपण एकदा प्रयोगशाळा पाहून येऊ या का?'

त्या मुलीने पसंतीक्रम कसा भरावा? पुष्कळ जण येथे घाबरतात. 'मुंबई पहिली लिहिली आणि ती नाही मिळाली, तर अमरावतीही जाईल,' असे त्यांना वाटते. तसे होत नाही. संगणक क्रमाने पाहत जातो. पहिली संस्था गुणांना पुरली नाही, तर दुसरी पाहतो. दुसरी नाही, तर तिसरी. म्हणून मनापासून जी सर्वांत हवी, ती वर लिहावी. मात्र पहिल्या क्रमांकाची संस्था मिळाली, की ती घ्यावी लागते; नंतर मन बदलून चालत नाही. जिथे आपण मुळीच जाणार नाही, ती संस्था यादीत लिहूच नये. आणि हा अर्ज स्वतः भरावा. सायबर कॅफेवाल्याने भरलेला क्रम त्याच्या सोयीचा असतो. शिकायचे असते आपल्याला.

शेवटी, संस्थेचे नाव किती मोठे असावे, याविषयी थोडे. डॉ. रघुनाथ माशेलकर हे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १९४३ साली गोव्यातील माशेल गावी झाला. वडील लवकर वारले. आईने मुंबईत पडेल ते काम करून त्यांना वाढवले. ते महापालिकेच्या शाळेत शिकले आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली त्यांनी अभ्यास केला. पुढे ते माटुंग्याच्या यूडीसीटीत गेले. १९६६ साली रासायनिक अभियांत्रिकीची पदवी आणि १९६९ साली डॉक्टरेट त्यांनी तेथेच मिळवली. नंतर ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. हळदीच्या औषधी गुणावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत.

त्यांना चांगली संस्था मिळाली, हे खरे. पण त्या संस्थेच्या दारापर्यंत ते महापालिकेच्या शाळेतून चालत गेले, हेही तितकेच खरे. उर्दू शाळेतून निघालेली वाटही त्याच दारापर्यंत जाते. मुंबई मिळाली, तर उत्तम. नागपूर मिळाले, तरी तिथे ऐंशी वर्षांहून जुनी परंपरा आहे. अमरावती मिळाली, तर मन लावून शिका. पदवीनंतर गेट ही परीक्षा देऊन मोठ्या संस्थांत पुढचे शिक्षण घेता येते. दुसरे दार तेव्हाही उघडे असते.

तोवर एक काम करा. या आठवड्यात आपल्या गावातील तेलघाणी, साबणाचा कारखाना, बर्फाचा कारखाना किंवा पाणी शुद्धीकरण केंद्र यांपैकी एक ठिकाण पाहून या. कच्चा माल कुठून आत येतो, काय तापवतात, काय थंड करतात आणि टाकाऊ काय उरते, हे वहीत लिहा. ते लिहिताना तुम्हाला पुन्हा पुन्हा प्रश्न पडू लागले, तर ही शाखा तुमच्यासाठी आहे, असे खुशाल समजा. आणि कंटाळा आला, तर तेही आताच कळलेले बरे.

शब्दार्थ

चंचुपात्र : प्रयोगशाळेतील चोच असलेले काचेचे भांडे
सरकी : कापसाचे बी
निर्वात : ज्यातील हवा काढून टाकली आहे असे
ऊर्ध्वपातन : द्रव तापवून त्याची वाफ करणे व ती थंड करून पुन्हा द्रव मिळवणे
काणाडोळा करणे : दुर्लक्ष करणे
मृत्युपत्र : आपल्या मागे संपत्ती कोणाला द्यावी हे सांगणारा लेख, वसीयत
अधिवास : कायमचे राहण्याचे ठिकाण
पसंतीक्रम : आवडीनुसार लावलेला क्रम
भपका : (१) अत्तर काढताना वाफ थंड करण्याचे भांडे (२) दिखावा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था कोणत्या साली सुरू झाली?
(आ) उस्मानिया विद्यापीठात सुरुवातीला शिक्षणाचे माध्यम कोणते होते?
(इ) एनबीएची मान्यता कशाला मिळते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हंडीतील बिर्याणी शंभरपट करून देगेतली बिर्याणी का होत नाही?
(आ) भोपाळच्या दुर्घटनेवरून रासायनिक अभियंत्याची कोणती जबाबदारी कळते?
(इ) मामूंचा सल्ला लगेच का मानू नये?

प्र. ३. पाच विद्यार्थ्यांना वर्षाला अनुक्रमे २ लाख, ३ लाख, ३ लाख, ४ लाख आणि १८ लाख रुपये वेतन मिळते. सरासरी वेतन काढा. मधल्या विद्यार्थ्याचे वेतन किती? दोन्हींपैकी कोणता आकडा अधिक खरे चित्र दाखवतो, ते सांगा.

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा : काणाडोळा करणे, आयुष्य वेचणे, संकोच करणे, कामी येणे.

प्र. ५. पुढील शब्द उर्दूत आणि मराठीत कोणत्या अर्थाने वापरतात, ते घरच्या मोठ्या माणसांना विचारून लिहा : किमया, भपका, अर्क, हिशोब.

उपक्रम : एखाद्या महाविद्यालयात गेल्यावर तुम्ही विचाराल अशा दहा प्रश्नांची यादी करा. ती वर्गात वाचून दाखवा व कोणता प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, यावर चर्चा करा.